प्रथिनांची रवानगी आणि तिची नोंदवही

पेशीत प्रथिने रायबोसोमवर तयार होतात, पण त्यांतल्या कित्येकांचे काम दुसरीकडेच असते. काही पेशीपटलात रुतून बसतात, काही पेशीबाहेर सोडली जातात. बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या अगदी सुरुवातीला साधारण १५ ते ३० अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो आणि त्याच्या मधल्या भागाला पाण्याचे वावडे असते. हा संकेतखंड म्हणजे त्या प्रथिनाचा पत्ता. इन्सुलिनचे मूळ प्रथिन ११० अमिनो आम्लांचे असते. त्यातली पहिली २४ केवळ या पत्त्यासाठी खर्ची पडतात आणि दार ओलांडले की कापली जातात. ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली, १९७५ मध्ये ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी तिला प्रयोगाचा आधार दिला, आणि १९९९ चे वैद्यकाचे नोबेल ब्लोबेल यांना मिळाले.

पत्ता असला तरी तो वाचणारा लागतो. पीटर वॉल्टर आणि ब्लोबेल यांनी १९८० मध्ये कुत्र्याच्या स्वादुपिंडातून सहा प्रथिनांचा एक संच वेगळा केला आणि त्याला ‘संकेत ओळखणारे प्रथिन’ म्हटले. १९८२ मध्ये उलगडले की त्या संचात सुमारे ३०० अक्षरांचा एक आरएनएही आहे आणि त्याच्यावाचून काम चालत नाही. नावातल्या ‘प्रथिना’च्या जागी ‘कण’ आला. एसआरपी ही इंग्रजी आद्याक्षरे तीच राहिली. हा कण रायबोसोममधून नुकताच डोकावणारा संकेतखंड धरतो, प्रथिनाची लांबी वाढणे थोडे रोखतो, सगळा रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेवरच्या ग्राहीपाशी नेतो आणि तिथल्या दाराशी माल सोपवून मोकळा होतो. ई. कोलाय या जिवाणूत हेच काम ११४ अक्षरांचा ४.५एस आरएनए आणि एफएफएच हे एकच प्रथिन मिळून करतात.

या आरएनएच्या आणि प्रथिनांच्या नोंदी एकत्र ठेवणारा डेटाबेस म्हणजे एसआरपीडीबी. नील्स लार्सन आणि ख्रिस्तियान झ्वीब यांनी १९९१ मध्ये छापलेल्या एका जुळणीत त्याचे मूळ आहे. पुढे स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे टोरे सॅम्युएल्सन आणि डेन्मार्कमधले संशोधक त्यात आले. त्याचे भावंड टीएमआरडीबी हे दुसऱ्याच प्रकारच्या आरएनएचे दफ्तर आहे. जिवाणूत एखादा संदेश मध्येच तुटला, त्याला थांब्याची खूणच उरली नाही, तर रायबोसोम अडकून पडतो. तेव्हा टीएमआरएनए आत शिरतो, स्वतःजवळचा छोटा संदेश पुढे करतो आणि अर्धवट प्रथिनाच्या शेपटीला काही अमिनो आम्लांची चिठ्ठी जोडतो. ती चिठ्ठी वाचून पेशीतली विकरे ते प्रथिन मोडून टाकतात. हीसुद्धा रवानगीच, फक्त ठिकाण मोडीचे. म्हणूनच २००६ मध्ये ‘न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्च’ या नियतकालिकाच्या डेटाबेस-अंकात हे दोन्ही डेटाबेस एकाच लेखात मांडले गेले.

एका रेणूसाठी राखलेली अशी छोटी, हाताने जपलेली नोंदवही असावी की सगळे मोठ्या भांडारात विलीन करावे, यावर दोन मते आहेत आणि दोन्हींत दम आहे. म्हैसूर जिल्ह्यातल्या सरगूर इथे, काबिनीकाठच्या एका मराठी घरात, ती समोरासमोर आली. मावशी म्हैसूरच्या महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. भाचा पुण्यात जनुकांचे अनुक्रम वाचणाऱ्या संगणक-प्रणाली लिहिणारा.

भाचा : मावशी, एका रेणूला एक संकेतस्थळ, हे दिवस गेले आता. आरएनएसेंट्रल २०१४ पासून चालू आहे. तिथे पंचवीस ठिकाणच्या नोंदी शोधत बसावं लागत नाही. एक अनुक्रम, एक क्रमांक, आणि तो कुठकुठे नोंदलाय ते सगळं खाली. एसआरपीडीबीचे अनुक्रमही तिथे आलेत. मग वेगळी चूल कशाला?

मावशी : अनुक्रम आले, खरं आहे. पण लार्सन आणि झ्वीब यांचं काम अनुक्रम गोळा करण्याचं नव्हतंच, ते जनुकपेढ्यांतून कोणीही उतरवून घेतले असते. त्यांनी १९९१ च्या त्या लेखात ३९ अनुक्रम एकाखाली एक लावले. कुठलं अक्षर कुठल्या अक्षराच्या खाली यायचं, हे ठरवणं हेच त्यातलं शास्त्र.

भाचा : ते तर संगणक लावतो.

मावशी : लावतो, पण कशावरून? हे बघ.

मावशीने वहीच्या पानावर तीन ओळी लिहिल्या. पहिल्या सजीवात सातव्या घरात जी आणि विसाव्या घरात सी. दुसऱ्यात सातव्यात ए, विसाव्यात यू. तिसऱ्यात सातव्यात सी, विसाव्यात जी. अक्षरे पाहिली तर तिन्ही ओळींत काहीच सारखे नाही आणि नुसते साम्य मोजणारा संगणक ही घरे बिनमहत्त्वाची ठरवील. पण जोड्या पाहिल्या तर तिन्हींत अक्षर बदलले की समोरचेही बदलले आहे, आणि जुळणारेच आले आहे. म्हणजे ही दोन घरे रेणूत एकमेकांना धरून आहेत. आरएनए कसा दुमडतो हे असे तुलनेतून उकलते. १९९१ च्या त्या मांडणीचा बाणा असा की ज्या जोडीला अनेक सजीवांतल्या अशा बदलांचा पुरावा आहे तेवढीच काढायची, बाकी जागा मोकळी सोडायची. आकृती त्यामुळे उणी दिसते, पण तिच्यातली प्रत्येक रेघ कशावर उभी आहे ते सांगता येते.

भाचा : पण हीच पद्धत आता प्रणालीत उतरली आहे. शॉन एडी यांच्या गटाच्या इन्फर्नलला नुसती अक्षरं नाही, जोड्याही कळतात. आरएनएच्या कुळांचं भांडार आरफॅम २००३ पासून त्यावरच चालतं. एसआरपी आरएनएची तिथे वेगवेगळी कुळं आहेत : प्राण्यांचं एक, जिवाणूंच्या लहान रेणूचं एक, मोठ्याचं एक, आर्कियाचं एक. नवा जीनोम आला की अख्खा चाळून होतो. माणसानं वर्षभर बसून जे केलं ते एका रात्रीत.

मावशी : आणि त्या कुळाचं बी कोण पेरतं? आरफॅममध्ये प्रत्येक कुळाची एक बीज-जुळणी असते. ती आधी माणसं तपासतात, मग तिच्यावरून यंत्र शिकतं. बीज चुकलं तर हजारो जीनोममध्ये तीच चूक उगवते.

भाचा : मान्य. पण बीज एकदा नीट केलं की पुढे माणसाची गरज उरत नाही.

मावशी : माणसाचाच जीनोम घे. ७एसएल आरएनएची, म्हणजे आपल्या एसआरपी आरएनएची, खरी काम करणारी जनुकं मोजकी. पण त्याच रेणूच्या एका टोकापासून अलू नावाचे तुकडे निपजले आणि आपल्या जीनोममध्ये त्यांच्या दहा लाखांहून जास्त प्रती झाल्या. जीनोमचा जवळजवळ दहावा भाग! शिवाय ७एसएलच्याच शेकडो मृत प्रती पडून आहेत. यंत्राला ही सगळी पिलावळ ओळखीची वाटते. यातलं जिवंत कोणतं आणि मेलेलं कोणतं, हे ठरवायला त्या रेणूबरोबर आयुष्य काढलेलं माणूस लागतं.

भाचा : तुझ्या म्हणण्यात एक गोष्ट राहिली. ज्यांनी हाताने जपलं त्यांनीच यंत्रही बनवलं. २००२ मध्ये सॅम्युएल्सन यांच्या गटानं एसआरपी आरएनएची जनुकं आपोआप शोधणारी प्रणाली काढली. त्यांना हाताचं काम पवित्र वाटत असतं तर त्यांनी ती काढली नसती.

मावशी : बरोबर. आणि म्हणूनच ती प्रणाली चांगली झाली. हरितलवकाचं उदाहरण आठव.

इथे थोडे थांबायला हवे, कारण या विषयातला हा सर्वात सुरेख भाग आहे. वनस्पतींच्या हरितलवकातही एसआरपीसारखा एक कण असतो आणि प्रकाश टिपणारी प्रथिने पटलापर्यंत नेणे हे त्याचे काम. पण जमिनीवरच्या वनस्पतींमध्ये त्या कणात आरएनए नसतो; संकेतखंड धरणाऱ्या एसआरपी५४ या प्रथिनाचे भावंड आणि फक्त हरितलवकातच आढळणारे एक वेगळे प्रथिन यांवरच त्याचे भागते. आरएनएवाचून हा कण चालूच शकत नाही असे जिथे मानले जात होते, तिथे निसर्गाने तो गाळलेला. मग प्रश्न आला की कधी गाळला? २००४ मध्ये मागनुस रोसेनब्लाड आणि सॅम्युएल्सन यांनी शैवालांचे हरितलवक चाळले आणि काहींमध्ये तो आरएनए सापडला. म्हणजे तो पूर्वी होता आणि उत्क्रांतीच्या वाटेवर काही शाखांमध्ये सुटला. आहे ते शोधणे यंत्राला जमते. नाही हे खात्रीने म्हणायला मात्र काय असायला हवे होते याचा नेमका नमुना हाताशी लागतो आणि तो नमुना त्या नोंदवहीत घडला होता.

भाचा : आरएनएपुरतं तुझं पटतं. प्रथिनांचं वेगळं आहे. यूनिप्रॉट या प्रथिनांच्या भांडारात एसआरपी५४ शोध, एफटीएसवाय शोध, सगळं सापडतं. संकेतखंड कुठे संपतो तेही लिहिलेलं असतं. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातली सिग्नलपी नव्वदच्या दशकापासून संकेतखंड ओळखते आहे. तिची सहावी आवृत्ती त्यांचे पाच प्रकार वेगळे सांगते. अल्फाफोल्डच्या भांडारात २० कोटींहून जास्त प्रथिनांचे आकार आहेत. इथे एसआरपीडीबीची प्रथिनांची पानं काय भर घालतात?

मावशी : यूनिप्रॉटमध्ये दोन खोल्या आहेत हे विसरू नकोस. स्विस-प्रॉटमध्ये माणसानं वाचून तपासलेल्या साडेपाच लाखांहून थोड्या जास्त नोंदी. ट्रेम्बलमध्ये यंत्रानं भरलेल्या कोट्यवधी. जिवाणूतलं एफएफएच, त्याचा ग्राही एफटीएसवाय आणि चाबकासारख्या शेपटीच्या कामातलं एफएलएचएफ ही तिन्ही एका घराण्यातली, जीटीपी फोडणारा भाग तिघांचा सारखा. कोणी एकदा ग्राहीला कण म्हणून लिहून ठेवलं, की पुढचं यंत्र साम्य बघून तेच नाव पुढच्या नोंदीला चिकटवतं. तिघांना शेजारी मांडून फरकाची घरं दाखवणारा तक्ता समोर असला की ही गल्लत होत नाही.

भाचा : तो तक्ता मोठ्या भांडारातही ठेवता येईल. वेगळं संकेतस्थळ हवंच असं कुठे आहे?

मावशीने यावर उत्तर न देता मेजावरचा एक कोष उचलून ब्लेडने उभा कापला. म्हैसूर हा रेशमाचा मुलूख आहे. इथला रेशीम विणकामाचा कारखाना १९१२ चा आणि केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६१ ची. मराठवाड्यातला तुती लावणारा शेतकरीही कित्येक वर्षे कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजारात येत असे. जालन्याची कोष-बाजारपेठ २०१८ मध्ये निघाली. कापलेल्या कोषात आत चिवट पांढरी भिंत होती, तळाशी तपकिरी प्यूपा आणि शेवटच्या कातीची चुरगळलेली टरफले. ही भिंत म्हणजे दोन प्रथिने : आत फायब्रॉइनचा धागा आणि त्यावर सेरिसिनचा डिंक. पाचव्या अवस्थेतली अळी तुतीचा पाला खाते आणि तिच्या रेशीमग्रंथीतल्या पेशी हे प्रथिन बाहेर सोडत राहतात. शेकडो मीटरचा हा अखंड धागा म्हणजे डोळ्यांना दिसणारी प्रथिनांची रवानगीच.

मावशी : रेशीमकिड्याची एक उत्परिवर्ती जात आहे, तिचे कोष पातळ आणि जवळजवळ नुसत्या सेरिसिनचे. फायब्रॉइन तयार होतं, पत्ताही बरोबर असतो, आंतर्द्रव्यजालिकेत शिरतंही. पण फायब्रॉइनची जड साखळी हलक्या साखळीशी गंधकाच्या बंधानं बांधली जावी लागते. या जातीत हलकी साखळी बिघडलेली, त्यामुळे बंध होत नाही आणि माल आतच अडकतो. आता सांग, हे कुठे शोधशील? एसआरपीडीबीत मिळणार नाही, कारण पहिलं दार नीट उघडलेलं आहे.

भाचा : अगं, हा तर माझ्या बाजूचा दाखला दिलास! संकेतखंड यूनिप्रॉटमध्ये, जनुक रेशीमकिड्याच्या जीनोमच्या भांडारात, बंधाची जागा तिसरीकडे, आणि उत्परिवर्ती जातीची हकिकत जुन्या जपानी शोधनिबंधांत. हे सगळं एकमेकांना जोडलेलं नसेल तर कोषासमोर बसलेला विद्यार्थी चार दारं ठोठावत राहील.

मावशी : ते मी नाकारत नाहीच. दाखला तुझ्या बाजूचा आहे म्हणूनच दिला. जोडणी हवी, आणि ती मोठ्या भांडारांनीच करायची. माझं म्हणणं एवढंच की जोडायला काही तरी खरं असलं पाहिजे.

भाचा : आणि वैद्यकात? तिथे तर वेग लागतो.

मावशी : तिथेच जुळणी सर्वात आधी उघडावी लागते. २०१७ मध्ये एसआरपी५४ च्या जनुकातल्या बदलांमुळे लहान मुलांत पांढऱ्या पेशी जन्मतःच घटलेल्या असतात हे दिसलं. एखाद्या बाळाच्या अहवालात नवा बदल आला तर डॉक्टरांना पहिला प्रश्न पडतो की हे घर माशीपासून माणसापर्यंत सारखंच राहिलंय का? राहिलं असेल तर बदल जड जाणार. हे उत्तर जुळणीच्या एका रकान्यात असतं. स्नायू झिजवणाऱ्या एका आजारात शरीर एसआरपीविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं. ते तर १९८६ पासून माहीत आहे.

इथून बोलणे पैशांकडे वळले, कारण डेटाबेसच्या आयुष्याचा निकाल शेवटी तिथेच लागतो. प्रयोगाला अनुदान मिळते, यंत्राला मिळते. पण कालच्या नोंदी आज दुरुस्त करण्याला ते सहजी मिळत नाही. स्विस-प्रॉटसारख्या नावाजलेल्या संग्रहावरही १९९६ मध्ये पैसे आटण्याची वेळ आली होती. जगभरच्या वापरकर्त्यांनी पत्रे लिहिली आणि त्यातूनच दोन वर्षांनी स्वित्झर्लंडची जैवमाहितीशास्त्र संस्था उभी राहिली. एका प्राध्यापकाच्या निवृत्तीबरोबर बंद पडणाऱ्या लहान डेटाबेससाठी अशी पत्रे कोण लिहिणार?

भाचा : मी तेच म्हणतोय. पुण्यात बघ. विद्यापीठाचं जैवमाहितीशास्त्र केंद्र १९८७ चं, जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेतलं. अशोक कोळसकरांच्या काळात तिथे प्राणी-विषाणूंची माहिती संगणकावर लावायला घेतली. २००४ च्या डेटाबेस-अंकात ऊर्मिला कुलकर्णी-काळे आणि सहकाऱ्यांचा व्हर्जेन आला, विषाणूंच्या जीनोमचा. तेही जुळण्या, वंशवृक्ष, सगळं निवडून लावलेलं. इतकं चांगलं काम एका विभागाच्या संगणकावर विसंबून का ठेवायचं? राष्ट्रीय भांडार असायला नको?

मावशी : असायलाच हवं. फरिदाबादला २०२२ मध्ये भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झालं, त्याचा मला आनंदच आहे. पण पुण्यात व्हर्जेन घडला तो विषाणू ओळखणारी माणसं तिथे होती म्हणून. कोळसकर आणि टोंगावकरांची १९९० ची पद्धत, प्रथिनाचा कुठला तुकडा प्रतिपिंडं जागवील हे सांगणारी, ती जगभर अजून वापरतात. तीही आधी माहितीचे तक्ते कोणी तरी नीट लावले म्हणूनच सुचली. भांडार जागा देईल, वीज देईल, प्रती ठेवील. पण निवड कोण करणार?

भाचा : मग मधला मार्ग काय? तुझी जुळणी माझ्या भांडारात, पण कोणी कशावरून काय ठरवलं त्याच्या नोंदीसकट. नुसत्या अक्षरांची फाइल नाही. आवृत्तीचा क्रमांक, बदलाची तारीख, हे घर इथे का सरकवलं त्याचं कारण.

मावशी : आणि सरकवणाऱ्याचं नाव. शोधनिबंधाला जसं श्रेय मिळतं तसंच त्या नावाला मिळू दे. २००५ मध्ये झ्वीब आणि सॅम्युएल्सन आणि आणखी तिघांनी मिळून सगळ्या एसआरपी आरएनएच्या वळ्यांना एक ते बारा क्रमांक कायमचे लावले, त्यामुळे आता यीस्टवर काम करणारा आणि माणसावर काम करणारा एकाच वळीबद्दल बोलतात. हे काम यंत्रानं केलेलं नाही, आणि त्याला कोणी शोध म्हणत नाही.

भाच्याने लॅपटॉप उघडून आरफॅममधली जिवाणूंच्या लहान एसआरपी आरएनएची बीज-जुळणी लावली, शेजारच्या चौकटीत प्राण्यांची. मावशी चष्मा लावून पुढे सरकली. कित्येक रकाने वेडेवाकडे बदलत होते. आठव्या वळीच्या टोकाशी मात्र अक्षरे थांबल्यासारखी होती. ई. कोलायच्या ओळीत चार अक्षरे जी, जी, ए, ए. माणसाच्या ओळीत तीच वळी, तेच टोक : जी, जी, ए, ए. याच वळीला एसआरपी५४ चा मिथायोनिनने भरलेला भाग मिठी मारतो. २००० मध्ये रॉबर्ट बेटी, जेनिफर डाउडना आणि सहकाऱ्यांनी स्फटिकावरून ते चित्र काढले आणि तुलनेतून आखलेली वळी स्फटिकातही तशीच निघाली.

भाचा : मावशी, आणि ही ओळ? ही पाचव्या अक्षराशी घसरलीये.

मावशी : घसरली नाहीये, एक अक्षर जास्त आहे. डावीकडे एक घर सरकव. हं. आता समोरचा यू बघ, आला का ए च्या खाली?

भाचा : आला.

मावशी : मग आता तिथे लिहून ठेव, का सरकवलं ते.